यूएक्समध्ये यायचंय: शनिवार-रविवारचा वर्ग की नोकरी सांभाळून स्वतःचा अभ्यास?

साताऱ्यात पतसंस्थेच्या काउंटरवर नऊ वर्षं काढून मी यूएक्स डिझाइनकडे, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामाकडे वळलो, त्याला आता तीन वर्षं होतील. ओळखीतले शिक्षक, नर्स, विम्याचं काम करणारे विचारतात, की पैसे भरून वर्ग लावावा की घरी शिकावं? मी आधी वर्ग लावला, मग तो सोडून घरी शिकलो. त्यामुळे दोन्हींबद्दल अनुभवाचं बोलता येईल.

तिसरीही वाट आहे. सीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी दोन वर्षांचं एम.डेस., म्हणजे डिझाइनमधलं पदव्युत्तर शिक्षण करायचं. घरखर्च सांभाळून दोन वर्षं काढता येत असतील तर जरूर करा. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

माझा वर्ग पुण्यात होता, सहा महिन्यांचा. शनिवारी पहाटेची विनाथांबा स्वारगेट धरायची, रविवारी रात्री परत. फी माझ्या दोन पगारांहून जास्त होती. वर्गातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दर रविवारची समीक्षा. स्क्रीनच्या प्रिंट भिंतीवर लावायच्या आणि बाकीच्यांनी विचारायचं, हे बटण इथंच का? ही चूक झाली तर माणूस मागे कसा येणार? उत्तर देताना आपलंच काम आपल्याला नव्यानं दिसतं. फिग्मा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअरसुद्धा तिथं भराभर शिकून झालं. घरी बसून प्रोटोटाइप, म्हणजे अ‍ॅपचा चालवून बघायचा नमुना जोडायला लागलो तेव्हा मला दुप्पट वेळ लागला.

ऑनलाइन अभ्यासासाठी मी कोर्सेरावरचं गूगलचं यूएक्स प्रमाणपत्र निवडलं. ते २०२१ मध्ये सुरू झालं. पैसे महिन्याच्या हिशेबानं जातात, म्हणून जितकं लवकर आटपाल तितकं स्वस्त. पण गृहपाठ तपासतात तुमच्यासारखेच शिकणारे. ‘छान, रंग आवडले’ यापलीकडे मला फारसं काही मिळालं नाही. मी शिकलो तेव्हा त्यातला एक भाग अ‍ॅडोब एक्सडी या फिग्मासारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर होता. आज मी बघतो त्या जाहिरातींत फिग्माच मागतात. नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल असं मला तरी वाटत नाही.

एवढ्यावर पाहिलं तर वर्ग सरस ठरावा. माझं मन उडालं ते एका गोष्टीमुळे.

वर्गातला पहिला प्रकल्प किराणा मागवायच्या अ‍ॅपचा होता आणि त्यासाठी वापरकर्ता कल्पनेनं तयार करायचा होता. इंटरनेटवरून फोटो घ्यायचा, नाव द्यायचं, वय सत्तावीस, मोठ्या शहरात नोकरी, कॉफीची आवड. भिंतीवर सगळ्यांचे असे कल्पित वापरकर्ते, म्हणजे पर्सोना लागले आणि जवळपास सगळी माणसं एकसारखी निघाली. माझ्याच शाखेतले ग्राहक घेऊन काम करू का, असं मी विचारलं. मूल्यमापनाचा तक्ता सगळ्यांना एकच आहे, नेमून दिलेलंच करा, असं उत्तर आलं.

त्याच आठवड्यात काउंटरवर एक आजी आल्या. मुलाला पैसे पाठवायचे होते. ओटीपीची पट्टी वर आली, पण चष्मा डोळ्यांवर येईपर्यंत गायब झाली. त्या मेसेजमध्ये गेल्या, आकडे पाहिले, परत अ‍ॅपमध्ये आल्या, तर अ‍ॅपनं सुरक्षेसाठी त्यांना बाहेर काढलेलं. ‘आकडं बघून आले तवर ह्ये परत पयल्यालाच गेलं की रं,’ असं म्हणत त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. असं मी रोज पाहत होतो आणि शनिवारी उठून बनावट माणसाच्या अडचणी रचायला पुण्याला जात होतो. तिसऱ्या महिन्यात वर्ग सोडला. उरलेली फी बुडाली.

मग व्यवस्थापकांची परवानगी घेतली आणि पाच ग्राहकांशेजारी एकेक करून बसलो. पाचच का, तर वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलंय की पाच जणांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी समोर येतात. पैसे पाठवायच्या अ‍ॅपच्या स्क्रीन कागदावर रेखाटल्या, नावं आणि खातेक्रमांक सगळे खोटे. शेवटच्या बटणावर ‘सादर करा’ होतं. तिघं तिथंच थांबले. एका काकांनी विचारलं, ‘कुणाला सादर करायचं?’ कागदावर ‘पैसे पाठवा’ लिहिलं आणि पाचही जणांनी न विचारता बोट ठेवलं. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी पुढे तो शब्द तेवढा बदलला. ओटीपीचं तसंच राहिलं. मुलाखतीत मात्र माझ्या पोर्टफोलिओतल्या, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या संग्रहातल्या याच पानावर पाऊण तास बोलणं झालं.

जुन्या नोकरीतलं काय कामाला येतं, तर समोरच्याला कमीपणा न वाटू देता प्रश्न विचारणं. शिवाय सही जुळत नाही, वारसदारच वारला, पासबुक भिजलं, असले अडलेले प्रसंग. नव्या डिझायनरला ते सुचत नाहीत, आपल्याला पाठ असतात. अक्षरांची मांडणी, मोकळी जागा, कुठं नजर आधी जाईल, हे मात्र काउंटरवर शिकता येत नाही. त्यात मी अजून मागे आहे आणि वर्ग पूर्ण केला असता तर कदाचित पुढे असतो.

म्हणून नुकतंच कॉलेज संपलेल्यांना, किंवा कामात माणसांशी रोजचा संबंध नसलेल्यांना मी वर्गच सुचवेन. ज्यांचा एकट्यानं अभ्यास तडीस जात नाही त्यांनाही. पण तुमच्यासमोर रोज खरी माणसं अडत असतील, तर माझा कल घरच्या अभ्यासाकडे आहे. त्यात समीक्षेची उणीव राहते. ती मी एका अनुभवी डिझायनरला महिन्यातून दोन तासांचे पैसे देऊन भरून काढली. चार महिन्यांचा तो सगळा खर्च वर्गाच्या एका हप्त्याहून कमी आला.