पेंड्रॅगन: दहा महिने, 26 वर्षं आणि एक लेकावळा

ग्रेग स्टॅफर्डने 1985 साली काढलेला, राजा आर्थरच्या दंतकथेवरचा हा रोलप्ले गेम (प्रत्येकाने एकेका नाइटचं पात्र रंगवायचं) आम्ही पाच जण दहा महिने खेळतोय. जमेल त्या रविवारी रात्री, व्हिडिओ कॉलवर. एका बैठकीत एक वर्ष, या हिशेबाने गेममधल्या इ.स. 485 पासून 510 पर्यंत पोचलोय. मोहिमेचं पुस्तक चारशेहून जास्त पानांचं, पण ते ओझं गेममास्टरचं, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणाऱ्याचं.

लढाया ठीक आहेत. गेम रंगतो तो वर्षाअखेरच्या हिवाळ्यात. तेव्हा तलवार बाजूला ठेवून फासे टाकायचे ते पिकापाण्यावर, घोड्यांवर, बायकोच्या बाळंतपणावर, पोरं जगली का यावर. पस्तिशीनंतर म्हातारपणाचाही फासा. तुमचा नाइट कधीतरी मरणार आणि पुढे तुम्ही त्याचा वारस म्हणून खेळणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यामुळे ‘जिंकलो का’पेक्षा ‘मुलगा झाला का’ याची धाकधूक जास्त.

आता माझं रामायण. इथे स्वभावाचे गुण जोडीने येतात, दोघांची बेरीज 20. माझ्या नाइटचा संयम 6, कामुकता 14. पहिल्याच वर्षी वीस बाजूंच्या फाशाने घात केला आणि 486 मध्ये एका गिरणीवाल्याच्या पोरीला मुलगा झाला. पुढे रीतसर लग्न, बरीच वर्षं मूल नाही, आणि 505 मध्ये मुलगी झाली ती आईला घेऊन गेली. मी म्हटलं, आता मुलाच्या आईशीच लग्न लावतो, मुलगा औरस होईल. चर्चच्या कायद्यात तशी सोय होतीही. पण गेममास्टरने 1236 चा मर्टनचा ठराव काढला: लग्नाआधीचं मूल लग्नाने औरस होतं हे इंग्लंडच्या सरदारांनी धुडकावलं होतं. (सहाव्या शतकात तेराव्याचा कायदा कसा, असं विचारू नका. गेमच तसा आहे, सगळी मध्ययुगं एकाच पातेल्यात.) नाशिकचा गडी म्हणाला, “मग दत्तक घेऊन टाक ना!” इंग्लंडात दत्तकाचा कायदा आला 1926 मध्ये. सगळे हसले, मी सोडून.

507 मध्ये माझा नाइट मेला. जहागीर दोन वर्षांच्या मुलीची, म्हणजे ती वयात येईपर्यंत सॅलिस्बरीच्या काउंटेस एलनच्या ताब्यात. मी आता खेळतो तो गिरणीवाल्याच्या पोरीचा एकवीस वर्षांचा मुलगा, बिनजमिनीचा लेकावळा, म्हणजे अनौरस. आमच्याकडच्या पुस्तकांत अशा मुलाच्या हक्कांबद्दल फार त्रोटक आहे, सगळं गेममास्टरवर. त्यामुळे दोन रविवार नुसत्या वादात गेले.

पण या वादामुळेच 510 सालची बैठक आम्हाला भिडली. लंडनमध्ये पोरगेला आर्थर दगडातून तलवार उपसतो आणि ऑर्कनीचा राजा लॉट म्हणतो, हा कोणाचा कोण? मॅलरी या लेखकाच्या पंधराव्या शतकातल्या कथनात जादूगार मर्लिन उत्तर देतो: टिंटॅजेलच्या किल्ल्यात आर्थरचा बाप उथर इग्रेनकडे, म्हणजे आर्थरच्या आईकडे, गेला तेव्हा तिचा नवरा मरून तीन तासांहून जास्त झाले होते, पुढे लग्नही झालं, सबब आर्थर औरस. त्या तीन तासांवर आम्ही पाऊण तास भांडलो. उथर गेला तो मर्लिनच्या जादूने तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन, म्हणजे त्या रात्री इग्रेनच्या समजुतीने समोर नवराच होता, याचं काय? कोणीतरी ताराबाईंचा विषय काढला. रामराजाला नातू म्हणून त्यांनीच गादीवर आणलं आणि बिनसल्यावर त्यांनीच तोतया ठरवलं. साक्षीदार एकच असला की असं होतं.

नंतर वाचताना आणखी एक सापडलं. टिंटॅजेलची गोष्ट गाजवणाऱ्या जेफ्री ऑफ मॉनमथने 1130 च्या दशकात आपला ग्रंथ ग्लॉस्टरच्या रॉबर्टला अर्पण केला होता. हा इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा अनौरस मुलगा. बाप 1135 मध्ये वारला तेव्हा वयाने, कर्तबगारीने राजा व्हायला लायक, पण शेवटी लढला तो सावत्र बहीण मटिल्डाच्या दाव्यासाठी. माझ्या लेकावळ्याला आयता आदर्श मिळाला.

घ्यावा का? इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल आणि तेच चार-पाच जण वर्षभर टिकणार असतील तर घ्या. दोन-तीन बैठकांत संपवायचं असेल तर नको, पहिला वारस यायच्या आतच उठाल.

येत्या रविवारी 511. सावत्र बहीण सहा वर्षांची झालीय आणि काउंटेस तिच्यासाठी स्थळ बघतेय, घराणं लॉटच्या बाजूचं. माझी आर्थरनिष्ठा 16, कुटुंबप्रेम 15.