दुबई की ब्रिटन: कराचा आणि दवाखान्याचा हिशेब

चिपळूण-खेडकडे मुलगा परदेशी निघाला की घरात पहिला प्रश्न पगाराचा. आजारपणाचा खर्च कोण करणार, हे मी आधी विचारेन.

दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही. 2018 पासून खरेदीवर 5 टक्के व्हॅट आहे. कामगाराचा आरोग्यविमा मालकानेच काढायचा, असा कायदा. पण बायको-मुलांना नेलं तर त्यांच्या विम्याचा भार बहुतेक वेळा कामगारावरच. विमा स्वस्तातला असेल तर ठरावीक दवाखानेच चालतात, बिलाचा काही वाटाही खिशातून जातो. नोकरी सुटली की विमाही सुटतो.

ब्रिटनमध्ये महिना 3000 पौंडांची पगाराची स्लिप घ्या. वर्षाचे पहिले 12,570 पौंड करमुक्त, त्यापुढे 20 टक्के कर आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पेन्शन वगैरेसाठी पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी. दोन्ही मिळून महिन्याला सुमारे 547 पौंड हातात येण्याआधीच गेले. शिवाय व्हिसा घेतानाच मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. नर्सच्या व्हिसावर मात्र तो माफ आहे. एवढं भरल्यावर एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या इस्पितळात बाळंतपण होवो की हाडाचं ऑपरेशन, बिल येत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन्महिने थांबावं लागतं, हे खरं.

एकटा, धडधाकट, गावी घर बांधायला पैसा साठवणारा असेल तर दुबई. लहान मुलं सोबत असतील किंवा मधुमेह असेल तर मी ब्रिटनच म्हणेन. गावच्या आईवडिलांना यातलं काहीच लागू नाही. त्यांनी सत्तरी ओलांडली असेल तर निघण्याआधी त्यांचं आयुष्मान कार्ड काढून द्या. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात.