ऑनलाइन छायाचित्रण वर्ग : वर्गणी व्हिडिओंची की अभिप्रायाची?

हौशी छायाचित्रकारांसाठीच्या एका ऑनलाइन वर्गाची वार्षिक वर्गणी मी भरली होती आणि तिची मुदत संपत आल्याची सूचना नुकतीच आली. व्हिडिओंचा संग्रह यापुढे जवळजवळ दुप्पट होणार, अशी आनंदवार्ता तीत ठळक अक्षरांत होती. मजकुराच्या तळाशी, बारीक अक्षरांत, असेही होते की मार्गदर्शकाकडून तपासून मिळणाऱ्या छायाचित्रांची संख्या महिन्याला चारवरून दोनवर येईल. वर्गणी मात्र तेवढीच. हा अनुभव लिहायला बसलो तो त्या बारीक अक्षरांमुळे, कारण इतके महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या वर्गात पैसे मोजावेत अशी गोष्ट एकच आहे, आणि नेमकी तीच त्यांनी निम्मी केली.

व्हिडिओंबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चित्रीकरण देखणे आहे, आवाज स्वच्छ आहे, शिकवणारे बोलायला चांगले आहेत. परंतु एक्स्पोजरचा त्रिकोण, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते (शटर स्पीड), लेन्सचे छिद्र किती मोठे आहे (अॅपर्चर) आणि कॅमेऱ्यातील आयएसओचा आकडा यांचा मेळ, तीन निरनिराळ्या अभ्यासक्रमांत पुन्हा पुन्हा भेटतो आणि प्रत्येक वेळी आयएसओ वाढवला की सेन्सर प्रकाशाला अधिक संवेदनशील होतो, असेच सांगितले जाते. प्रत्यक्षात सेन्सरवर पडलेला प्रकाश तेवढाच राहतो. आयएसओ वाढवल्याने सेन्सरकडून आधीच मिळालेला संकेत फक्त मोठा केला जातो, आणि नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, दिसतो तो मुख्यतः मुळात प्रकाश कमी मिळाल्यामुळे. ज्यांना हे मुळापासून समजून घ्यायचे आहे त्यांनी मार्क लेव्हॉय यांची व्याख्याने पाहावीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपला डिजिटल छायाचित्रणाचा अभ्यासक्रम त्यांनी 2016 मध्ये गूगलमध्ये शिकवला आणि ती 18 व्याख्याने सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. इतक्या दर्जाचे शिक्षण फुकट मिळत असताना त्याच विषयाच्या पातळ आवृत्तीसाठी वर्षभराचे पैसे देणे माझ्या हिशेबी स्वभावाला मानवत नाही. मी वर्गणी भरली होती ती अभिप्रायासाठी: आपली छायाचित्रे कोणीतरी जाणत्या नजरेने पाहावीत आणि कुठे काय चुकते ते स्पष्ट सांगावे, एवढीच अपेक्षा होती.

आता त्या अभिप्रायाच्या व्यवस्थेतील एका दोषाबद्दल सविस्तर लिहितो. इतरांना तो क्षुल्लक वाटेल, मला वाटत नाही. छायाचित्र ज्या चौकटीतून पाठवावे लागते ती चौकट ते आपोआप लहान करते, लांब बाजू 1600 पिक्सेल इतकी, आणि त्याच वेळी त्यातील एक्झिफ नोंदीही, म्हणजे चित्र कोणत्या सेटिंग्जवर काढले याची फाइलमधली माहिती, पुसून टाकते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेले 6000 बाय 4000 पिक्सेलचे छायाचित्र असे लहान झाले की त्यातील साधारण चौदावा हिस्सा पिक्सेल उरतात. मार्गदर्शकासमोर जाते ते हे उरलेले चित्र. सोबत शटर स्पीड नाही, अॅपर्चर नाही, लेन्सची फोकल लेंग्थ नाही.

याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणावरून सांगतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ 1.8, विषय सुमारे दोन मीटरवर, शटर स्पीड 1/500 सेकंद, अशा स्थितीत काढलेले एक व्यक्तिचित्र मी पाठवले होते. डोळे किंचित मऊ आले होते आणि त्याचे कारण मला विचारायचे होते. उत्तर आले: हात हलला आहे, शटर स्पीड वाढवा. आता 85 मिलिमीटरच्या लेन्ससाठी हातात धरून काढताना 1/85 सेकंदाच्या आसपासचा वेग पुरतो असा जुना ठोकताळा आहे, आणि 1/500 म्हणजे त्याच्या कितीतरी पुढे. शिवाय मूळ फाइल पूर्ण आकारात उघडली की कानाजवळचे केस एकेक मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. हात हलला असता तर केस, कान, डोळे सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसले असते. या अंतरावर आणि या अॅपर्चरला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, जेमतेम 6 सेंटिमीटर मिळते, आणि फोकस डोळ्याऐवजी कानावर बसला होता. एवढीच साधी गोष्ट होती. पण 1600 पिक्सेलच्या चित्रात केसांचा तो टोकदारपणा आणि डोळ्यांचा मऊपणा दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, आणि शटर स्पीड तर कुठेच लिहिलेला नसतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार झाला. आणि त्यात मार्गदर्शकाचा दोष मी फारसा मानत नाही, कारण त्याच्यापुढे निदानाला लागणारी सामग्रीच ठेवली गेली नव्हती.

यावर मी एक तोड काढली. छायाचित्राच्या शेजारी डोळ्याच्या भागाचा मूळ आकारातील तुकडा जोडायचा, खाली पट्टीत सेटिंग्ज लिहायच्या, आणि हे सगळे 1600 पिक्सेलच्या एकाच चित्रात बसवून पाठवायचे. पहिल्या खेपेला ते गेले. पुढच्या खेपेला ‘कोलाज स्वीकारले जात नाहीत’ असे उत्तर देऊन यंत्रणेने ते परत केले आणि त्या महिन्याच्या चारपैकी एक संधी मात्र खर्ची टाकली. ग्राहक सेवेकडे तक्रार केली, तेव्हा आधी ब्राउझरची साठवण रिकामी करण्याचा सल्ला मिळाला. नंतर एक्झिफ नोंदी ग्राहकाच्या गोपनीयतेसाठी पुसल्या जातात असे सांगण्यात आले. छायाचित्र कुठे काढले हे लपवणे योग्यच आहे, पण त्यासाठी जीपीएसची नोंद तेवढी काढता येते; शटर स्पीड उघड झाल्याने कोणाची गोपनीयता भंग होते, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि ‘आपली समस्या सुटली आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली. ती पुन्हा उघडली. पुन्हा बंद झाली.

इथवरचा मजकूर मी काही महिन्यांपूर्वीच लिहिला असता, तर या वर्गाला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो असतो. मधल्या काळात मला नेमून दिलेला मार्गदर्शक बदलला आणि मतात फरक पडला. नव्या मार्गदर्शकाने पहिल्याच उत्तरात लिहिले की निवडलेले एक चित्र पाठवू नका, त्या वेळी काढलेले सगळे पाठवा, अगदी फसलेलेसुद्धा. म्हणजे कॉन्टॅक्ट शीट. फिल्मच्या काळात 35 मिलिमीटरच्या रोलवरील 36 फ्रेम एकाच कागदावर जशाच्या तशा छापून घेत आणि त्यावरून कोणते चित्र मोठे करायचे ते ठरवत, तीच पद्धत. शीट एकाच चित्रात मावते, त्यामुळे ती एकच संधी म्हणून मोजली जाते. यंत्रणा तिला कोलाज का म्हणत नाही हे एक कोडेच आहे, पण ते उलगडून मागण्याच्या फंदात मी पडलो नाही.

त्या शीटवर आलेला अभिप्राय जेमतेम अर्ध्या पानाचा होता, पण संपूर्ण वर्षाच्या वर्गणीत तेवढाच भाग मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडला. त्यात दाखवून दिले होते की मालिकेतील प्रत्येक फ्रेम उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली आहे. पहिल्या काही फ्रेममध्ये कॅमेरा थोडा इकडेतिकडे फिरतो, मग एक बरी चौकट सापडते आणि तिचीच किंचित फरकाने पुनरावृत्ती सुरू होते. आणि समोरच्या माणसाला कॅमेऱ्याचा विसर पडून तो खऱ्या अर्थाने कामात गुंततो, नेमके तिथेच चित्रण थांबलेले आहे. शेवटी असेही विचारले होते की अंतिम चित्र म्हणून दहावी फ्रेम का निवडली, जेव्हा सतराव्या फ्रेममध्ये फोकस थोडा हुकलेला असूनही हातांची हालचाल आणि चेहरा दोन्ही जिवंत आहेत. कोणत्याही व्हिडिओतून ही गोष्ट कळली नसती, कारण ती सर्वसाधारण नियम म्हणून सांगताच येत नाही. कोणीतरी आपली फसलेली चित्रे ओळीने पाहावी लागतात.

गंमत अशी की या कामासाठी 1600 पिक्सेल पुरेसे ठरतात. कॉन्टॅक्ट शीटवर फ्रेम लहानच असतात आणि त्यातून पाहायची असते ती उंची, अंतर, क्षण आणि निवड. केसांचा टोकदारपणा तिथे गौण ठरतो. त्यामुळे छायाचित्रे पाठवण्याच्या त्या चौकटीवरचा माझा राग निम्म्याने उतरला आहे. उरलेला निम्मा कायम आहे, कारण तांत्रिक प्रश्न विचारणाऱ्या नवशिक्या माणसाला अजूनही चुकीचे औषध मिळत असणार, आणि एक्झिफ न पुसणे हे काही अवघड काम नव्हे.

वर्ग शोधत असलेल्यांना म्हणूनच सांगावेसे वाटते की किती तासांचे व्हिडिओ आहेत हे विचारण्यात वेळ घालवू नका. तपासणारा माणूस प्रत्येक वेळी तोच असतो की बदलतो, तो मूळ फाइल पाहतो की लहान केलेली, त्याला सेटिंग्ज दिसतात की नाहीत, आणि एका चित्राऐवजी मालिका पाठवता येते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या आणि एखादा नमुना अभिप्राय मागा. तो द्यायला कां-कूं करणाऱ्या वर्गाच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना मोठी वर्गणी नको आहे त्यांनी जवळच्या छायाचित्रण मंडळाच्या बैठकीला बसून पाहावे. तिथे परीक्षकाची टिप्पणी पुष्कळदा दोन वाक्यांत आटोपते हे खरे, पण छापील चित्र हातात घेऊन ती केली जाते. 1853 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या लायसेन्शिएट या पहिल्या श्रेणीसाठी 10 छायाचित्रांचा संच सादर करावा लागतो आणि तो एकत्रित पाहिला जातो. अर्ज करायचा नसला तरी असा संच निवडून तो एखाद्या जाणकारापुढे ठेवणे हा सुट्या चित्रांवर कौतुक गोळा करण्यापेक्षा बरा व्यायाम आहे, आणि त्याला काही खर्चही नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर वार्षिक वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण मी बंद केले. ते बटण खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘माझ्या योजना’ या शीर्षकाखाली नसून ‘बिलांचा इतिहास’ या पानाच्या अगदी तळाशी आहे, हे शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी नमूद करतो. त्याऐवजी मासिक वर्गणी घेतली आहे. ती महिन्याच्या हिशेबाने महाग पडते आणि ते मला खुपतेही, परंतु सध्याचा मार्गदर्शक असेपर्यंत महिन्याला दोन कॉन्टॅक्ट शीट तपासून घ्यायच्या आणि तो बदलला की त्याच महिन्यात बाहेर पडायचे, असा हिशेब केला आहे. तुम्हीही बाहेर पडणार असाल तर आलेले सर्व अभिप्राय आधी उतरवून घ्या. वर्गणी संपताच व्हिडिओंबरोबर तेही दिसेनासे होतात, आणि ते एकत्र उतरवण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक पान स्वतंत्रपणे पीडीएफ करून जपावे लागते.