बेळगावहून समुद्र नी धबधबा एकाच फेरीत: अप्सरकोंडा, काकोळे, हरमल की आंबोली-शिरोडा?

पाऊस ओसरायला लागला की आमच्याकडे सगळ्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, समुद्र पण बघायचाय, धबधबा पण पाहिजे, घरातली मोठी माणसं सोबत म्हणून चढउतार जास्त नको आणि सोमवारी कामावर पण हजर व्हायचंय, तर जायचं कुठं. बेळगाव-खानापूरच्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच पडतो कारण कारवारकडचा, गोव्यातला आणि सिंधुदुर्गातला, तिन्ही किनारे आपल्या आवाक्यात आहेत. सगळे पटकन गोकर्ण म्हणतात. गोकर्णात कुडले ते ओम बीच टेकडीवरनं चालत जायची वाट सुंदरच आहे, पण तिथला म्हणून जो विभूती धबधबा सांगतात तो याणाच्या बाजूला आत जंगलात आहे, गाडी काढून वेगळं जावं लागतं, म्हणून गोकर्ण मी यात धरलंच नाही. माझ्या मते खरे पर्याय चार, होन्नावरजवळचं अप्सरकोंडा, गोव्यात काणकोणातलं काकोळे नी पेडण्यातलं हरमल, आणि सिंधुदुर्गात आंबोली करून शिरोडा.

पण जागा ठरवायच्या आधी महिना ठरवा, निम्मा निर्णय तिथंच होतो. जुलैमध्ये धबधबे जोरात असतात पण समुद्र तेव्हा फक्त लांबून बघायचा, यांत्रिक बोटींना सुद्धा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय कोळी होडी पाण्यात घालत नाहीत ते उगीच नाही. उलट जानेवारीत गेलात तर समुद्र निवांत मिळतो पण किनाऱ्यालगतच्या धबधब्यांना मागं मोठी नदी नसते, वरच्या जांभ्याच्या सड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जितके दिवस झिरपत राहील तितके दिवस ते वाहतात, मग बारीक होत होत नुसती धार उरते. त्यामुळं गणपती गेल्यापासून दिवाळीनंतरच्या दोनेक आठवड्यांपर्यंतचा काळ दोन्हीसाठी बरा, त्यातही दसऱ्याच्या आसपास सगळ्यात छान, पाणी पण असतं, हिरवं पण असतं आणि ऊन अजून चावायला लागलेलं नसतं. शाळेला सुट्टी म्हणून डिसेंबरातच जायचं असेल तर हिशोब बदलतो, ते शेवटी सांगते.

आता अप्सरकोंडा. होन्नावरच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर आहे, शरावतीचा मोठा पूल ओलांडून मुरुडेश्वरच्या दिशेनं जाताना समुद्राच्या बाजूला आत वळायचं. गाडी लावली की पायऱ्या उतरून थोडक्यात धबधब्याशी पोचता, उंची काही फार नाही, साधारण तीस-पस्तीस फूट, पण काळ्या खडकावरनं पाणी सरळ खालच्या डोहात पडतं आणि वर झाडी इतकी दाट की भर दुपारी पण तिथं गारवा असतो. अप्सरा इथं आंघोळीला यायच्या अशी आख्यायिका आहे, बाजूच्या गुहांत पांडव राहिले असंही सांगतात. परत वर आलं की टेकडीच्या माथ्यावर बाग केलेली आहे, तिथं कडेला उभं राहिलं की खाली नारळाची झाडं नी पलीकडं लांबच्या लांब किनारा एका नजरेत दिसतो, आणि तोच किनारा नंतर खाली उतरून पायाखाली घ्यायचा. म्हणजे धबधबा, टेकडी, बीच असं चालणं एकाच सकाळीत होतं, गाडी परत परत काढायची भानगड नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायऱ्या थोड्या त्रास देतात, पण सावकाश, धरून धरून होतं, आणि खाली नाहीच उतरलं तरी माथ्यावरनं समुद्र बघून त्यांचा दिवस वाया जात नाही, ही गोष्ट मला बाकी तिन्ही ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

पोहायचं मात्र अप्सरकोंड्याच्या बीचवर नको, तो मोकळा किनारा आहे. त्यासाठी जवळच कासरकोडचा इको बीच आहे, त्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ नी सुरक्षित बीचचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्या वर्षी देशातल्या आठ बीचना ते मिळालं त्यात कर्नाटकातले हे नी पडुबिद्री असे दोनच. ब्लू फ्लॅग म्हणजे नुसता झेंडा नव्हे, पाण्याची तपासणी होते, जीवरक्षक असतात, आंघोळीला आखलेली जागा असते, टॉयलेट नी कपडे बदलायची सोय असते, आणि बायकामाणसं सोबत असली की ही शेवटची सोय किती मोठी ते गेलेल्यालाच कळतं. इकडच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं पण अंडी घालायला येतात, म्हणून वाळूत कुठं काठ्या रोवून जाळी लावलेली दिसली तर पोरांना तिथं नाचू देऊ नका. जाता-येता इडगुंजीचा गणपती आहेच, दोन हातांची उभी मूर्ती, घरातली मोठी माणसं तेवढ्यासाठी सुद्धा यायला तयार होतात.

अप्सरकोंड्याचा एकच मोठा तोटा, अंतर. बेळगावहून अडीचशे किलोमीटरच्या घरात जातं, हुबळीवरनं जावा नाहीतर खानापूर-हल्याळवरनं, शेवटी यल्लापूर करून अरबैल घाट उतरून अंकोल्यालाच यायचं, आणि त्या घाटात ट्रक इतके असतात की वेळेचा अंदाज देता येत नाही. साडेपाच-सहा तास धरूनच चला, म्हणजे एक मुक्काम नक्की. भर पावसात तर मी हा रस्ता कुणाला सांगणार नाही, १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवरच दरड कोसळली, माणसं गेली, ते आपल्याकडं अजून कुणी विसरलेलं नाही.

काकोळेची गंमत वेगळी आहे. काब द रामच्या किल्ल्याजवळ, खोल गावाच्या भागात, टायगर बीच म्हटलं की पण कळतं. बाकी सगळीकडं धबधबा एकीकडं नी समुद्र दुसरीकडं, इथं मात्र डोंगराच्या कडेवरनं पाणी थेट बीचवर पडतं. वाळूत उभं राहून एका बाजूनं लाट नी दुसऱ्या बाजूनं धार, खारं पाणी अंगावरनं धुवायला चार पावलं चाललं की झालं, असं मला आपल्या टप्प्यात दुसरीकडं कुठं दिसलेलं नाही. फक्त बघण्याचा विचार केला तर चारांत हेच एक नंबर. पण उतार खडा आहे, पायवाट झाडीतनं जाते, पाऊस पडून गेला असेल तर शेवाळ असतं, आणि उतरलं तेवढं परत चढायचं असतं ते लोक उतरताना विसरतात. खाली दुकानं, सावली, मदत यांचा भरवसा धरून जाऊ नका, पाणी नी खाणं बरोबर घ्या आणि उजेड असतानाच वर या. साठीच्या पुढची माणसं किंवा कडेवरचं पोर असेल तर मी नाहीच म्हणेन, त्यांना वर किल्ल्यावर बसवून समुद्र दाखवा, रामसीता वनवासात इथं राहिले अशी तिथली श्रद्धा आहे, बसायला जागा पण छान आहे, तेवढ्यात तरण्यांनी जाऊन यावं. आणि परत येताना गावात कुणाकडं खोलची मिरची मिळाली तर घ्या, तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, संकेश्वरी मिरची खाऊन वाढलेल्या माणसाला तिचा रंग नक्की आवडेल.

चढायचं नको पण गोवाच पाहिजे असेल तर हरमल. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा करत पेडण्यात शिरायचं, सव्वाशे-दीडशे किलोमीटरमध्ये होतं. मुख्य बीचवरनं उत्तरेला खडकांच्या कडेकडेनं दुकानांमधनं पायवाट जाते, दहा-पंधरा मिनिटांत काळाचा बीच लागतो आणि तिथं समुद्रापासून थोड्याच पावलांवर गोड्या पाण्याचं तळं आहे. वाट सोपी आहे, चपलेवर पण जमते, फक्त खडकावर ओल असते तिथं हात द्या. पण स्पष्ट सांगते, इथं धबधबा नाही. तळ्याच्या मागं रानातनं येणारा ओढा आहे, त्याच्या कडेनं आत गेलं की पिवळी माती मिळते ती लोक अंगाला फासून वाळवतात नी मग तळ्यात उतरतात, पोरांना हा प्रकार भयंकर आवडतो. कोसळणारं पाणीच बघायचं असेल तर मात्र हिरमोड होईल. गर्दी, खाण्याचे गोव्याचे रेट आणि विकेंडचं पार्किंग हे पण धरून चला. चोर्ल्याचा रस्ता कसा आहे ते निघायच्या आदल्या दिवशी त्या बाजूनं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला तरी विचारा, जांबोटी-कणकुंबीचा पाऊस रस्त्याला टिकू देत नाही.

राहिलं आंबोली-शिरोडा, आणि एकच दिवस हातात असेल तर माझं मत सरळ यालाच. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत सत्तरेक किलोमीटरवर आंबोली, तिथनं घाट उतरून सावंतवाडी, मग शिरोडा, सगळं मिळून सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास. पहाटे निघालं तर नाष्ट्याच्या वेळेला धबधब्यापाशी असता नी जेवणाला किनाऱ्यावर. आंबोलीचा धबधबा रस्त्याला लागूनच आहे, ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांना गाडीत बसल्या बसल्या दिसतो, असं बाकी कुठंच नाही. आंबोली म्हणजे आपल्या हिरण्यकेशीचं उगमाचं गाव पण आहे, संकेश्वरवरनं जाणारी तीच ही नदी, वेळ असेल तर उगमाच्या गुहेपर्यंत जाऊन या, रस्ता चालायला सोपा आहे. तोटा एवढाच की जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथं माणसांची नी गाड्यांची जत्रा असते, धबधब्यापेक्षा हॉर्न जास्त ऐकू येतात, म्हणून शक्य झालं तर मधला वार बघा.

किनाऱ्यावरचं चालणं मात्र इथंच सगळ्यात मोकळं आहे. शिरोड्याच्या वेळागर बीचवर सुरूचं बन आहे, त्याच्या सावलीतनं किंवा ओल्या घट्ट वाळूवरनं आरवलीच्या बाजूला जितकं जमेल तितकं चालत जायचं, चढ नाही, खडक नाही, पाय दुखले की मागं वळायचं. शिरोड्यातच १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, मिठागरं अजून आहेत, पोरांना ती दाखवा, शाळेतल्या पुस्तकात दांडी असते पण आपल्या एवढ्या जवळ हे झालं ते त्यांना कुणी सांगत नाही. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, नवसाच्या चामड्याच्या चपला तिथं वाहतात, एकेक चपला एवढी दांडगी की पोरगं त्यात उभं राहील, आणि केळीचे घड. रेडीचा गणपती पण तिथनं जवळ, १९७६ मध्ये खाणीत सापडलेला, इडगुंजीसारखाच दोन हातांचा, पण बसलेला. जेवणात सोलकढी नी तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि सगळीकडं मराठी-मालवणी चालत असल्यानं आजी-आजोबा जेवणवाल्याशी स्वतः गप्पा मारतात. होन्नावरला कानडी नी कोकणीवर भागतं, आपल्याला दोन्ही येतंच, तरी फरक पडतो.

भरती-ओहोटीचं मात्र चारही ठिकाणी बघाच, विशेषतः हरमलचे खडक नी काकोळेची वाळू, दोन्हीकडं भरतीला जागा आकसते. त्यासाठी ॲप पाहिजेच असं नाही, कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे पहाटे तीन नी दुपारी तीनच्या सुमाराला भरती, मधे नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. अंदाज आहे हा, थोडं मागंपुढं होतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून शनिवार निवडायला पुरतो. चालणं ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी सुरू करा, म्हणजे जाऊन यायला मोकळा वेळ मिळतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या पुढंमागं उधाण असतं तेव्हा काकोळे नकोच.

तर दोन दिवस नी दसऱ्याचे दिवस हातात असतील, घरची सगळी माणसं सोबत असतील, तर मी अप्सरकोंडा म्हणेन आणि अंतराची काळजी करणार नाही. चार मित्र असाल, पाय धड असतील, तर काकोळे. सकाळी जाऊन रात्री घरी यायचं असेल तर आंबोली-शिरोडा, डोळे झाकून. आणि डिसेंबरच्या सुट्टीतच जमणार असेल तर धबधब्याचा हट्ट सोडा, तेव्हा हरमलचं तळं बघा नाहीतर नुसतं वेळागर नी कासरकोड, आणि रूम महिनाभर आधी सांगून ठेवा, नाताळच्या आठवड्यात गोव्यात जागा मिळत नाही नी मिळाली तर परवडत नाही.