काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स: जल्लादासाठी घ्यावी अशी ब्लू-रे

ईलिंग स्टुडिओचा हा १९४९चा चित्रपट विकला जातो तो अ‍ॅलेक गिनेसच्या आठ भूमिकांवर. डिस्क कशी उतरली आहे हे मात्र पहिल्याच प्रसंगात कळतं, आणि तो प्रसंग माइल्स मॅलेसनचा आहे. उद्या सकाळी एका ड्यूकला फाशी द्यायची म्हणून आदल्या संध्याकाळी तुरुंगात आलेला जल्लाद. त्याला काळजी कसली, तर ड्यूकला हाक काय मारायची याची! मागच्या ड्यूकच्या वेळी काम फार बिघडलं होतं, पण तो कुऱ्हाडीचा जमाना, असं तो सांगतो. एकदा रेशमी दोर हाताळल्यावर पुन्हा तागाचा कसा चालेल, म्हणून निवृत्तीही ठरवून टाकलेली. सगळी गंमत त्याच्या अदबशीर, थरथरत्या आवाजात आहे.

म्हणूनच जुनी पॅल (युरोप-भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी घेऊ नका. पॅलमध्ये सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात. १०६ मिनिटांचा चित्रपट १०२ मिनिटांत संपतो आणि स्वराची पट्टी न सुधारता डिस्क छापली असेल तर आवाजही ४ टक्के वर चढतो. मॅलेसनचे थांबे आखडतात, सूर किरटा होतो. ब्लू-रेवर मूळ वेग राहतो. घ्यायची ती स्टुडिओकॅनालने २०१९ मध्ये केलेल्या ४के रिस्टोरेशनवरून (जुनी फिल्म बारकाईने स्कॅन करून केलेल्या दुरुस्तीवरून) काढलेली. ब्रिटिश ब्लू-रे साधारणपणे रीजन ‘बी’च्या, म्हणजे युरोप-ऑस्ट्रेलियासारख्या भागांतल्या प्लेअरसाठीच्या असतात, त्यामुळे प्लेअर तपासूनच मागवा.

चित्र जवळजवळ चौकोनी, १.३७:१. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे. माणसं बुटकी-जाडी दिसली तर टीव्ही चित्र ताणतोय असं समजा आणि ते बंद करा. मोशन स्मूदिंगही (मधल्या फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद, नाहीतर डग्लस स्लोकोम्बच्या छायांकनाला टीव्ही मालिकेची कळा येते. आवाज मोनो आहे, कृत्रिम सराउंड लावलात तर संवाद विरतात.

अमेरिकी शेवट वेगळा आहे. नायक म्हणजे तोच ड्यूक; तुरुंगात लिहिलेल्या आठवणींत त्याने आपल्या खुनांची कबुली दिलेली असते. तिथल्या सेन्सॉर संहितेपायी ती कबुली सापडल्याचं स्पष्ट दाखवावं लागलं. तो डिस्कच्या पुरवणीत आहे का बघा, पण पहिल्यांदा बघाल तो ब्रिटिश शेवटच. टांगत ठेवण्यातच त्याची धार आहे.

मॅलेसन (१८८८–१९६९) नुसता नट नव्हता. त्याचं युद्धविरोधी नाटक १९१६ मध्ये जप्त झालं, मोलिएरची रूपांतरं त्याने केली, ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) लिहिला आणि त्यात खेळण्यांचा नादी सुलतानही झाला. चार ओळींच्या भूमिकेत शब्दाचं वजन कुठे टाकायचं हे त्याला कळतं ते उगाच नाही. याला जोडून ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) घ्या. ‘आत एकाचीच जागा आहे, साहेब’ हे एकच वाक्य तो आधी शववाहिनीचा चालक म्हणून बोलतो, मग बस कंडक्टर म्हणून. दुसऱ्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो.

आणि शेवट आला म्हणून डिस्क काढायची घाई नको. तुरुंगाबाहेर आठवणी छापायला मागणारा तो वार्ताहर म्हणजे तरुण आर्थर लो, पुढे ‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश मालिकेत गाजलेला नट.