पहिल्या स्पर्धेच्या टेबलावर ‘वॉरहॅमर ४०,०००’: दहाव्या आवृत्तीचे परीक्षण

गेम्स वर्कशॉपने १९८७ साली आणलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या मिनिएचर वॉरगेमची (छोट्या प्रतिकृतींच्या फौजा टेबलावर लढवण्याच्या खेळाची) दहावी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मित्रांबरोबर सवडीने खेळताना ती जशी वाटते आणि स्पर्धेत, घड्याळ लावून, अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर जशी वाटते, त्यांत बराच फरक आहे. म्हणून हे परीक्षण पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्याच्या दृष्टीने केले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: मारामारीचा खेळ म्हणून ही आवृत्ती ठीकठाक आहे, पण जागा धरून ठेवण्याचा खेळ म्हणून ती उत्तम आहे, आणि हा दुसरा खेळ स्पर्धेतच खऱ्या अर्थाने उलगडतो.

या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘लेव्हायथन’ या मिशनच्या पत्त्यांच्या संचात एकूण १०० गुणांची वाटणी अशी आहे: मुख्य उद्दिष्टाचे जास्तीत जास्त ५०, दुय्यम उद्दिष्टांचे ४० आणि फौज नीट रंगवलेली असल्यास १०. शत्रू किती मारले, याला स्वतंत्र रकाना नाही. ‘टेक अँड होल्ड’ या मिशनमध्ये दुसऱ्या राउंडपासून (एका राउंडमध्ये दोघांची एकेक पाळी) प्रत्येक ताब्यातल्या ऑब्जेक्टिव्हमागे, म्हणजे टेबलावर खूण केलेल्या जागेमागे, ५ गुण मिळतात, एका पाळीत कमाल १५. मेख अशी की, हे गुण साधारणपणे आपल्या पुढच्या पाळीतील कमांड फेजच्या, म्हणजे पाळीच्या पहिल्या टप्प्याच्या, शेवटी मोजले जातात. म्हणजे आज मोठ्या थाटात मधल्या ऑब्जेक्टिव्हवर जाऊन उभे राहिलेल्या युनिटला (एकत्र हलणाऱ्या तुकडीला) प्रतिस्पर्ध्याची अख्खी पाळी, त्याचा गोळीबार आणि हल्ले सोसून तेथेच टिकावे लागते. तोवर खात्यात काहीही जमा होत नाही. ही एकच तरतूद नवख्या खेळाडूची फौज निवडण्याची पद्धत मुळापासून बदलते. तोफा आणि रणगाडे हवेतच, पण एखाद्या भिंतीआड गुपचूप उभे राहणारे, ज्याला मारण्यात कोणाला फारसा रस नाही असे स्वस्त युनिट अनेकदा त्यांच्याहून जास्त कमावून देते.

ताबा कोणाचा, हे ऑब्जेक्टिव्हपासून ३ इंचांच्या आतील मॉडेल्सच्या ‘ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल’ आकड्यांच्या बेरजेवरून ठरते. ‘स्पेस मरीन’ फौजेतले साधे इंटरसेसर सैनिक प्रत्येकी २ मोजले जातात, तर त्यांच्याहून भारदस्त टर्मिनेटर प्रत्येकी १. युनिट बॅटल-शॉक झाले, म्हणजे धीर टिकवण्याच्या चाचणीत हरले, तर हा आकडा शून्यावर येतो. निम्म्याहून कमी उरलेली तुकडी ऐन मोक्याच्या वेळी दोन फाशांची चाचणी हरते आणि हातातले ५ गुण जातात, तेव्हा त्रागा होतो खरा. पण नियम न्याय्य आहे.

संभाव्यतेचे भान हा या खेळाचा दुसरा मोठा धडा. राखीव दलातून शत्रूपासून ९ इंचांपलीकडे उतरलेल्या युनिटला त्याच पाळीत धाव घेऊन भिडायचे असेल, तर दोन फाशांवर ९ किंवा अधिक पडावे लागतात. तशा शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे सुमारे २८ टक्के. एक कमांड पॉइंट (खास डावपेचांसाठी मिळणारा गुण) खर्चून फासे पुन्हा टाकता येतात, तरीही यशाची शक्यता निम्म्याला किंचित कमीच राहते. एवढ्या भरवशावर सगळा बेत रचणारे पुष्कळ दिसतात.

सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र नियमपुस्तकात फारशी ठळक नाही. अनुभवी खेळाडू मॉडेल हलवण्याआधी हेतू बोलून दाखवतात. “हे युनिट मी या पडक्या इमारतीमागे ठेवतो आहे, तुमच्या रणगाड्याला ते दिसणार नाही, हे मान्य आहे ना?” समोरचा वाकून, टेबलाच्या उंचीवर डोळा आणून पाहतो, मान डोलावतो, आणि मगच मॉडेल खाली ठेवले जाते. पुढच्या पाळीत दोन मिलिमीटरवरून होणारा वाद तेथेच मिटतो, पंचांना बोलावण्याची वेळ येत नाही.

वेळेच्या बाबतीत ही आवृत्ती कमी पडते. २,००० पॉइंट्सच्या (फौजेतील युनिट्सच्या ठरलेल्या मोलांची बेरीज) डावाला ३ तास धरलेले आहेत. चेस क्लॉकवर प्रत्येकी दीड तास. मूळ नियम आटोपशीर असले, तरी प्रत्येक युनिटचे खास अधिकार, डिटॅचमेंटचा (फौजेसाठी निवडलेल्या रचनेचा) नियम आणि स्ट्रॅटेजेम (कमांड पॉइंट खर्चून वापरायचे डावपेच) आठवण्यातच मिनिटे जातात. शंभरेक मॉडेल्सची फौज घेऊन जाणाऱ्या नवख्याचा पाचवा, म्हणजे शेवटचा, राउंड राहून जाण्याचा धोका मोठा आहे. मोजकी, दणकट युनिट्स असलेली यादी त्याला अधिक मानवेल. दुय्यम उद्दिष्टांतही दर पाळीला पत्ते ओढण्याऐवजी दोन ठरावीक उद्दिष्टे आधीच निवडता येतात. त्याने कमाल गुण मिळतीलच असे नाही, पण डोक्यावरचा भार हलका होतो.

स्विस पद्धतीच्या जोड्यांविषयी तक्रारीला जागा नाही. पहिला सामना हरल्यावर कोणी बाहेर पडत नाही आणि पुढचा प्रतिस्पर्धी साधारण बरोबरीचा मिळतो.

छापील कोडेक्सबाबत (एकेका फौजेच्या नियमपुस्तकाबाबत) मात्र माझे मत अनुकूल नाही. मूळ नियम आणि पॉइंट्सची यादी डिजिटल स्वरूपात मोफत मिळते, हे चांगलेच. पण शुद्धिपत्रे आणि समतोलासाठीचे बदल वरचेवर येत असल्याने सुंदर चित्रांच्या त्या जाड पुस्तकावर विसंबून स्पर्धेला जाता येत नाही. आयोजकांनी कोणत्या तारखेपर्यंतचे बदल ग्राह्य धरले आहेत ते आधी विचारून घ्यावे, आपल्या युनिट्सची तेवढीच पाने छापून घ्यावीत आणि कोडेक्स घरीच कपाटात राहू द्यावे.