ग्लूटेनमुक्त आहारात काय लिहावे: खाण्याची डायरी की कॅलरींचा हिशेब?

ग्लूटेनमुक्त आहार, म्हणजे गहू, जव आणि राय यांतले ग्लूटेन हे प्रथिन टाळणारा आहार, सुरू करणाऱ्याला ‘जे खाल ते लिहून ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. मात्र नेमके काय लिहायचे, हे बहुधा सांगायचे राहून जाते. मग कोणी वहीत पदार्थांची नावे आणि पोटाच्या तक्रारी टिपू लागतो, तर कोणी मोबाइलवर ॲप घेऊन रोजच्या कॅलरींची बेरीज करू लागतो. ढोबळपणे दोन्हींना आहाराची नोंदच म्हटले जात असले, तरी या पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. आपला प्रश्न कोणता हे न ठरवता एखादी पद्धत उचलली, तर महिनोन्‌महिने इमानेइतबारे लिहूनही हाती काही लागत नाही. माझे मत सुरुवातीलाच नोंदवणे योग्य ठरेल: सीलिएक आजारामुळे (यात ग्लूटेन खाल्ल्यावर शरीराची प्रतिकारशक्तीच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते) हा आहार घेणाऱ्याने पहिले काही महिने डायरीच ठेवावी, आणि कॅलरी मोजण्याचे काम वजनाचा निश्चित प्रश्न उभा राहिल्यावर, ठरावीक मुदतीपुरतेच हाती घ्यावे.

दोन्हींच्या आधी मात्र एक गोष्ट येते. सीलिएकची शंका असेल आणि तपासणी झालेली नसेल, तर ग्लूटेन बंद करून डायरी लिहायला बसू नये. रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) चाचणी आणि लहान आतड्याची बायॉप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्ही तपासण्या ग्लूटेन खाणे चालू असतानाच भरवशाच्या असतात. आहार आधीच बदलला, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि मग निदानासाठी काही आठवडे पुन्हा ग्लूटेन खाण्याची वेळ येते. डायरी कितीही काटेकोर असली, तरी ती या तपासण्यांची जागा घेऊ शकत नाही.

एकाच न्याहारीच्या दोन नोंदी

समजा, सकाळी ग्लूटेनमुक्त ब्रेडचे दोन स्लाइस भाजून त्यांना लोणी लावून खाल्ले. कॅलरी मोजणाऱ्याची नोंद अशी होईल: ब्रेड ६२ ग्रॅम, १५५ कॅलरी, लोणी १० ग्रॅम, ७२ कॅलरी, एकूण २२७. डायरी लिहिणाऱ्याची नोंद निराळी असेल: सकाळी सव्वाआठ, ब्रेडचे नवे पाकीट आजच उघडले, लॉट क्रमांक लिहून ठेवला, घरातल्या सगळ्यांच्या टोस्टरमध्ये भाजले, लोणी सामाईक डब्यातले, ज्यात इतरांची ब्रेडवर फिरलेली सुरी जाते, अकरा वाजता पोट फुगले, तीव्रता दहापैकी चार, रात्री झोप कमी झाली होती.

पहिली नोंद चुकीची नाही. पण टोस्टर वेगळा असता आणि लोण्याचा डबा राखून ठेवलेला असता, तरीही ती अक्षरशः हीच राहिली असती. ग्लूटेनमुक्त आहारात जिथे गफलत होते, ती जागा कॅलरीच्या आकड्यात उमटतच नाही.

याचे कारण मोजमापाच्या पट्टीत आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये, आणि अनेक देशांनी हीच मर्यादा स्वीकारली आहे. सीलिएक रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने घेतल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा होत असल्याचे दिसले. गव्हाच्या साध्या ब्रेडच्या तीस ग्रॅमच्या स्लाइसमध्ये सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम ग्लूटेन असते. याचा अर्थ, त्या स्लाइसचा चाळिसावा भागही रोज पोटात गेला तर तो अपायकारक ठरू शकतो. आणि उष्मांकाच्या हिशेबात या चाळिसाव्या भागाची किंमत जेमतेम दोन कॅलरी भरते. कोणतेही ॲप दोन कॅलरींची दखल घेणार नाही, आणि घेतली तरी तो आकडा गव्हाचा आहे की तांदळाचा हे त्यातून कळणार नाही.

डायरी काय देते आणि कुठे फसवते

चांगल्या डायरीत पदार्थाच्या नावापेक्षा तो कुठून आला, कशात शिजला आणि कोणाच्या हातून वाढला गेला याला अधिक महत्त्व असते. गहू, जव आणि राय उघडपणे टाळणे फारसे कठीण नसते. अडचण होते ती सोया सॉस, माल्टचा अर्क, तयार सूपमधला घट्टपणा, मसाल्याची मिश्रणे आणि तळणीचे सामाईक तेल यांची. ओट्सचा प्रश्न तर दुहेरी आहे. शेतात, वाहतुकीत किंवा गिरणीत गव्हाजवाची भेसळ होत असल्याने साधे ओट्स वर्ज्यच धरावे लागतात, आणि ग्लूटेनमुक्त म्हणून प्रमाणित केलेले ओट्सही सीलिएकच्या थोड्या रुग्णांना सोसत नाहीत. असा रुग्ण आपण आहोत का, हे ओळखायला इतर काही न बदलता ओट्सच्या आधीचे आणि नंतरचे दिवस शेजारीशेजारी ठेवून पाहावे लागतात, आणि तशी सोय डायरीतच असते. तिचा निष्कर्ष मात्र डॉक्टरांसमोर ठेवून पक्का करून घ्यावा.

डायरीची मोठी फसगत म्हणजे त्रास झाला की शेवटी खाल्लेल्या पदार्थावर दोष टाकण्याची सवय. ग्लूटेनची प्रतिक्रिया काही तासांनी दिसू शकते तशी एकदोन दिवसांनीही दिसू शकते. त्वचेवर उठणाऱ्या सीलिएकच्या पुरळाचा मेळ तर एखाद्या जेवणाशी घालणे आणखी अवघड असते. म्हणून निष्कर्ष काढताना किमान मागच्या दोन दिवसांच्या नोंदी वाचाव्यात आणि एकाच योगायोगावर पदार्थ कायमचा वगळू नये, कारण एकेक करत वगळत गेलेल्या आहारात काही महिन्यांनी खाण्यासारखे फारसे उरत नाही, हे अनेकांच्या बाबतीत घडते.

त्रासाचे कारण ग्लूटेनच असेल असेही नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात, जी कांदा आणि लसणातही आढळतात. सीलिएक नसूनही गहू सोसत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींवर नॉर्वेत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टानमुळे जास्त लक्षणे दिसली. नव्याने निदान झालेल्या सीलिएक रुग्णाच्या आतड्याचे अस्तर सुधारेपर्यंत दूधही काही काळ बाधू शकते. ज्याच्या वहीत कांदा, लसूण आणि दूध यांच्या नोंदी आहेत, त्याच्या आहारतज्ज्ञाला हे दुवे दिसतात. ज्याने फक्त ‘ग्लूटेन: नाही’ एवढेच लिहिले आहे, त्याला ते दिसणार नाहीत.

एक गोष्ट डायरीलाही जमत नाही. काही रुग्णांना ग्लूटेन पोटात जाऊनही काहीच जाणवत नाही, आणि आत इजा होत राहते. त्यांच्या नोंदीत लक्षणांचा रकाना कोराच असेल, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा करून घेणे चुकवू नये. अशा व्यक्तीने लक्षणांपेक्षा नव्या पाकिटांची आणि बाहेरच्या जेवणाची नोंद अधिक बारकाईने ठेवावी. चाचणीचा आकडा वाढलेला आला, की शोध तिथूनच सुरू होतो.

कॅलरींचा हिशेब कधी कामाला येतो

ग्लूटेनमुक्त आहार सुरू केल्यावर अनेकांचे वजन वाढते, आणि त्यामागे सहसा दोन कारणे असतात. निदानापूर्वी खाल्लेल्या अन्नाचा काही भाग शोषला जात नव्हता, तो आतडे बरे होताना शोषला जाऊ लागतो. जेवण तेवढेच असूनही शरीराला मिळणारी ऊर्जा वाढते. दुसरे कारण पर्यायी पदार्थांचे. ग्लूटेनची लवचीकता नसल्यामुळे ब्रेड आणि बिस्किटांत स्टार्च, स्निग्धांश आणि साखर यांवर भर दिला जातो, आणि प्रथिने व तंतू बहुधा कमी असतात. घरी पीठ बदलतानाही फरक पडतो: गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३४० ते ३६० कॅलरी असतात, तांदळाच्या पिठात जवळपास तितक्याच, परंतु बदामाच्या पिठात सहाशेच्या आसपास. सर्व ग्लूटेनमुक्त पिठांना एकाच मापाने तोलणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, आणि इथे दोन आठवड्यांचे मोजमाप सहा महिन्यांच्या तर्कवितर्कापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मात्र मोजमापाचा आकडा दिसतो तितका नेमका नसतो. कर्बोदके आणि प्रथिनांच्या ग्रॅमला चार आणि स्निग्धांशाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, हे विल्बर ॲटवॉटर यांच्या संशोधनातून आलेले गुणक सरासरीचे आहेत. अमेरिकेच्या नियमानुसार लेबलवरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष कॅलरी २० टक्क्यांपर्यंत जास्त असल्या, तरी ते लेबल चुकीचे ठरत नाही. त्यात घरच्या चुकांची भर पडते. कोरड्या शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे १३०. ॲपमध्ये चुकीची ओळ निवडली की हिशेब जवळपास तिप्पट होतो किंवा एक तृतीयांश उरतो. मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी, आणि नेमके तेच लिहायचे विसरले जाते. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणे नोंदवत असल्याचे आढळले. त्या खोटे बोलत होत्या असा याचा अर्थ नाही. खाल्लेले अन्न नजरेने मोजता येत नाही, एवढाच आहे. म्हणून मोजायचेच असेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा आणि वाट्या-चमच्यांचा अंदाज सोडून द्यावा.

सीलिएक रुग्णासाठी यात आणखी एक अडचण आहे. आतड्याचे अस्तर बिघडलेले असताना खाल्लेल्या कॅलरी आणि मिळालेल्या कॅलरी यांत तफावत असते, आणि ती किती आहे हे घरी कळण्याचा मार्ग नाही. प्रौढांमध्ये हे अस्तर पूर्ववत होण्यास वर्ष-दोन वर्षे, काही वेळा त्याहूनही जास्त काळ लागतो. या काळात कॅलरींच्या हिशेबावरून ‘इतके खाऊनही वजन का वाढत नाही’ किंवा ‘इतके कमी खाऊनही का वाढते’ असे प्रश्न सोडवायला बसणे म्हणजे गळक्या भांड्यात ओतलेल्या पाण्यावरून आत किती पाणी उरले हे सांगण्यासारखे आहे.

मनावरचा भारही निर्णयात धरायला हवा, आणि माझ्या मते याकडे फार कमी लक्ष दिले जाते. ग्लूटेनमुक्त आहारात आधीच प्रत्येक घासाची चौकशी करावी लागते. त्यावर प्रत्येक घासाचा आकडाही लादला की जेवणाची धास्ती वाटू लागते. सीलिएक आणि खाण्याचे विकार यांच्यात संबंध असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. ज्याला पूर्वी असा विकार होता, किंवा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की जो पुढचे जेवण टाळू लागतो, त्याने कॅलरी मोजू नयेत आणि वजनाचा प्रश्न डॉक्टर व आहारतज्ज्ञांवर सोपवावा. काही जणांना लक्षणांची डायरीही शरीराच्या प्रत्येक हालचालीकडे कान लावून बसायला भाग पाडते. त्यांनी लक्षणे दिवसातून एकदाच, संध्याकाळी लिहिली तरी पुरे.

कोणी काय निवडावे

नुकतेच निदान झालेल्या, लक्षणे अजून चालू असलेल्या किंवा प्रतिपिंडांचा आकडा खाली न आलेल्या व्यक्तीने डायरी निवडावी, आणि तीही आहारतज्ज्ञाला दाखवण्याच्या हेतूने. लक्षणे शमली आहेत, चाचण्या ठीक आहेत आणि वजन मात्र नको त्या दिशेने जात आहे, अशा व्यक्तीने दोन ते तीन आठवडे कॅलरी मोजाव्यात. त्यात सुटीचे दिवसही असावेत, कारण खाण्यातला फरक बहुधा त्याच दिवसांत असतो. वजन घटलेल्या रुग्णाला हा हिशेब खाणे कमी करण्यासाठी लागत नाही, आपण पुरेसे खातो आहोत का हे पाहण्यासाठी लागतो, आणि त्या अर्थाने तो उपयुक्त आहे. केवळ वजन उतरवण्यासाठी ग्लूटेन सोडलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की ग्लूटेन वगळल्याने आपोआप कॅलरी कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी कॅलरींचा हिशेबच अधिक खरा आहे.

मुलांच्या बाबतीत कॅलरी मोजण्यापेक्षा उंची-वजनाचा आलेख पाहावा. मोजायची गरज पडलीच, तर ती बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर आणि मुलासमोर आकड्यांची चर्चा न करता. टाइप १ मधुमेह आणि सीलिएक एकत्र आढळतात, आणि अशा रुग्णाला कर्बोदकांचे ग्रॅम मोजण्यावाचून गत्यंतर नसते. ग्लूटेनमुक्त ब्रेडमध्ये कर्बोदके किती आहेत हे प्रत्येक पाकिटावर वेगळे असल्यामुळे त्याची डायरी आणि त्याचे मोजमाप एकाच पानावर असणे सोयीचे.

इतर कोणाला दोन्ही करायची असतील, तर डायरी हा पाया ठेवून त्यात फक्त वजनाचा एक रकाना जोडावा: ब्रेड, धान्य, तेल, सुका मेवा आणि गोड पदार्थ एवढ्यांचेच ग्रॅम. भाज्यांचे वजन लिहिण्यात वेळ घालवू नये. कॅलरींची बेरीज रोज न करता आठवड्याअखेर एकदाच करावी, म्हणजे एका दिवसाच्या आकड्याने त्या दिवसाचे जेवण बिघडत नाही. आठवड्याची नोंद वाचताना तंतुमय पदार्थ, लोह आणि फोलेट यांकडेही पाहावे, कारण बहुतेक ग्लूटेनमुक्त पिठांत ही पोषणमूल्ये वरून घातलेली नसतात आणि कॅलरी अचूक जुळूनही त्यांची उणीव राहू शकते.

डायरी कायम लिहावी लागत नाही. लक्षणे शांत होऊन चाचण्याही समाधानकारक आल्यावर रोजची नोंद थांबवावी आणि तीन प्रसंगांपुरती पुन्हा सुरू करावी: नेहमीच्या पदार्थाच्या पाकिटावरील घटकांची यादी बदललेली दिसली तर, नवे औषध सुरू झाले तर, आणि प्रवासात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर अवलंबून राहावे लागले तर.